दुआ, दवा आणि विहिरीचं पाणी

वर्गातल्या एका मुलाचे डोळे आले होते. ‘अम्मीनं दर्ग्याचं पाणी लावलंय,’ तो म्हणाला. आम्ही त्याला सगळ्यांसमोर जाहिल म्हटलं. पोरं हसली. त्यानंतर त्यानं घरची एकही गोष्ट आम्हाला सांगितली नाही.

पुढे आयर्लंडविषयी वाचताना तो मुलगा आठवला. तिथं सुमारे ३,००० पवित्र विहिरी आहेत, बऱ्याचशा ख्रिस्ती संतांच्या नावाच्या. काही खास डोळ्यांच्या दुखण्यासाठी. माणसं विहिरीभोवती फेऱ्या घालतात, पाणी पितात, दुखऱ्या जागी लावतात आणि झाडाला चिंधी बांधतात. चिंधी कुजेल तसं दुखणं सरेल, ही श्रद्धा. दर्ग्याच्या जाळीला धागा बांधणाऱ्या आमच्या आयाबहिणींना यात परकं काय वाटावं? १७०४ च्या कायद्यानं अशा विहिरींवर जमणाऱ्यांना दहा शिलिंग दंड ठेवला. न भरल्यास फटके. तरी लोक जात राहिले.

त्याच देशात १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० शाळांतली ५०,००० मुलं घरच्या बुजुर्गांना विचारून विहिरी, झाडपाला, घरगुती इलाज वहीत उतरवत होती. हे काम शिक्षकांनीच करवून घेतलं. त्यांनी घर वर्गात आणलं. आम्ही ते वर्गाबाहेर हाकललं.

मग ऐकलेलं सगळं खरं मानायचं का? तसं नाही. बोहो या गावच्या चर्चच्या आवारातली माती लोक फडक्यात बांधून उशाशी ठेवत. २०१८ मध्ये संशोधकांना त्या मातीत एक जिवाणू सापडला. प्रतिजैविकांना न जुमानणारे काही रोगजंतू त्यानं प्रयोगशाळेत रोखले. पण यावरून उशाखालची माती औषध ठरत नाही. लोकांची समजूत तपासून पाहावी, एवढंच यातून शिकता येतं. आणि तपासायची तर आधी ती ऐकावी लागते.

शिफा अल्लाहच्या हाती, हा आमचा अकीदा. पण आजारी लेकराला डॉक्टरकडे नेणं हे आपल्या हाती आहे. ते टाळून नुसत्या पाण्यावर विसंबणं हा त्या लेकरावर अन्यायच. मात्र त्याच्या अम्मीची हेटाळणी करून तो अन्याय टळत नाही. हेटाळणीनं ती फक्त गप्प होते, आणि लेकराचं दुखणं आपल्या कानावर येईनासं होतं.

त्या दिवशी आम्ही एवढंच म्हणायला हवं होतं, ‘अम्मीनं दुआ केली, छान केलं. चल बेटा, आता दवाखान्यात जाऊ.’