हातास पुरेल एवढे सामर्थ्य

ठाण्यात माजिवड्याच्या नाक्यापासून घोडबंदर रस्त्याकडे ज्या उत्तुंग इमारती उभ्या आहेत, त्यांतील एखाद्या गृहस्थास कपाटाची सैल बिजागरी आवळणे, लाकडी फळी जोडणे एवढ्याच नित्याच्या कामांसाठी बिनतारी ड्रिल घ्यावयाचे असेल, तर त्याच्यापुढचा प्रश्न, माझ्या मते, अपरिग्रहाचाच आहे. पतंजलींनी पाच यमांत गणिलेले हे व्रत केवळ वस्तूंचा त्याग सांगते अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी गरजेहून अधिक सामर्थ्याचा संचय हाही परिग्रहच होय. लाकूड, प्लायवूड आणि स्क्रू यांसाठी सुमारे एक किलो वजनाचे, लिथियम बॅटरीवर चालणारे १२ व्होल्टचे यंत्र बहुधा पुरते. १८ व्होल्टचे जड यंत्र शिडीवर उभे राहून डोक्याच्या वर धरले, की मनगट लवकर शिणते. काँक्रीटच्या भिंतीस मात्र फिरता फिरता आघात करणारे हॅमर ड्रिलच लागते, आणि क्वचित लागणाऱ्या त्या साधनाची तजवीज सोसायटीने सामाईक करावी, हे उत्तम. खंडेनवमीस आपण हत्यारांची पूजा करतो. वर्षभर माळ्यावर धूळ खात पडलेल्या हत्याराची पूजा मला अपुरी वाटते. म्हणून दुकानात बॅटरी चढवून, हात उंच करून ते यंत्र थोडा वेळ धरून पाहा, आणि मगच पैसे मोजा.