एक घटना, अनेक साक्षी

एकच घटना तीन-चार पात्रांच्या तोंडून फिरफिरून सांगणारा ग्रंथ हातीं आला कीं पुष्कळ वाचकांच्या कपाळाला आठी पडते. जें घडलें तें लेखकाला ठाऊक असतांना त्यानें सरळ कां सांगूं नये, असा त्यांचा प्रश्न असतो. या तक्रारीच्या पोटांत दुसरी एक अधिक गंभीर शंका दडलेली आहे. सर्वांच्याच बाजू सहानुभूतीनें मांडावयाच्या म्हटल्यास मारणारा आणि मरणारा एकाच पंक्तीस बसतात, आणि न्याय-अन्याय हा भेदच पुसला जातो. ही शंका खरी असेल, तर ही लेखनपद्धति नुसती कंटाळवाणी नव्हे, अनीतिकारकही ठरेल. म्हणून तिचा विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें.

१८६० सालीं फ्लॉरेन्स येथील बाजारांत रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीला जुन्या कागदपत्रांचें एक पिवळें बाड मिळालें. १६९८ सालीं रोम शहरांत चाललेल्या एका खटल्याचे ते कागद होते. गुइडो फ्रान्चेस्किनी नांवाच्या एका सरदारानें आपली तरुण पत्नी पॉम्पिलिया व तिला वाढविणारे वृद्ध दांपत्य यांची हत्या केली होती, आणि हें कृत्य अब्रूसाठीं केलें असल्यामुळें तें क्षम्य आहे, असा त्याचा बचाव होता. या बाडावरून रचलेलें ब्राउनिंगचें ‘दि रिंग अँड दि बुक’ हें बारा सर्गांचें काव्य १८६८-६९ मध्यें प्रसिद्ध झालें. पहिल्या व शेवटच्या सर्गांत कवि स्वतः बोलतो. मधल्या दहा सर्गांत नऊ निरनिराळे वक्ते तीच हकीगत सांगतात.

अर्धें रोम नवऱ्याची बाजू घेतें, अर्धें बायकोची. तिसरा एक प्रतिष्ठित गृहस्थ दोहोंपासून सारखेंच अंतर राखतो. परंतु त्याचें लक्ष सत्याकडे नसून समोर बसलेल्या बड्या मंडळींवर आपली छाप कशी पडेल इकडे असतें. आरोपीचा वकील युक्तिवाद रचीत असतां त्याचें मन मुलाच्या वाढदिवसाच्या मेजवानींत गुंतलेलें असतें. मृत्युशय्येवरील पॉम्पिलिया मात्र साधेपणानें बोलते. गुइडोला कवीनें दोनदां बोलूं दिलें आहे: एकदां न्यायाधीशांपुढें, नम्रपणें, आणि दुसऱ्यांदां वध होण्यापूर्वीं, जेव्हां बुरखा ठेवण्यांत कांहीं लाभ उरलेला नाहीं तेव्हां. हीं दोन भाषणें शेजारीं ठेवलीं कीं निकालपत्राची जरुरीच राहत नाहीं. येथें सर्वांना बोलूं दिलें आहे, पण सर्वांना सारखें मानलेलें नाहीं. इतकेंच नव्हे, तर कोणाचीच बाजू न घेणारा तो गृहस्थ सत्याच्या अधिक जवळ असतो, हा आपला लाडका समजही येथें खोटा ठरतो.

याच्या उलट टोंकाचें उदाहरण जपानी लेखक अकुतागावा याच्या १९२२ सालच्या ‘वेळूच्या बनांत’ या अर्थाच्या नांवाच्या कथेंत आहे. एका सामुराईचें प्रेत सांपडतें. सात जणांच्या जबान्या होतात. दरोडेखोर म्हणतो, मीं त्याला द्वंद्वांत मारलें. पत्नी म्हणते, मीं मारलें. मांत्रिक स्त्रीच्या मुखानें मृताचा आत्मा म्हणतो, मीं स्वतःच प्राण दिला. निकाल कोठेंच नाहीं. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, कोणीही दुसऱ्यावर खून ढकलीत नाहीं. प्रत्येक जण तो आपल्याकडे ओढून घेतो! माणूस शिक्षा चुकविण्यासाठीं खोटें बोलतो हें आपण जाणतों; परंतु स्वतःच्या नजरेंत शूर, मानी किंवा पवित्र राहण्यासाठीं तो फांसही पतकरील, हें ही कथा दाखविते. एका निवेदकाच्या तोंडून हें सत्य सांगतां आलें नसतें. कारण तें कोणत्याही एका जबानींत नाहीं, जबान्यांच्या मधल्या विसंगतींत आहे.

या कथेवरून कुरोसावानें १९५० सालीं ‘राशोमोन’ हा चित्रपट काढला व त्यांत प्रेत पाहणाऱ्या लाकूडतोड्याची आणखी एक हकीगत घातली. तोही निर्मळ नाहीं, असें शेवटीं कळतें. परंतु भग्न वेशींत कोणी टाकून दिलेलें तान्हें मूल तोच उचलून घरीं नेतो. बनांत काय घडलें याचा उलगडा झाला नाहीं, म्हणून समोर रडणाऱ्या मुलाविषयींचें कर्तव्य टळत नाहीं.

मराठींतही ही रीत चांगली रुजली आहे. खांडेकरांच्या ‘ययाति’ (१९५९) मध्यें ययाति, देवयानी व शर्मिष्ठा आपापली कहाणी सांगतात. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ (१९६७) मध्यें कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्णही बोलतात. कुंतीचें मन तिच्याच तोंडून ऐकल्यावर नदींत सोडलेल्या पेटीचा अर्थ बदलतो; पण पेटी सोडली गेली, हें बदलत नाहीं. आमच्या मतें या साऱ्या प्रश्नाचें मर्म येथेंच आहे. समजून घेणें आणि दोषमुक्त करणें या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली केल्यावांचून दुसरीचा अधिकार येत नाहीं, आणि शिक्षेचाही येत नाहीं.

आपल्या घरांतून सासू-सुनांचे, भावाभावांचे वाद वर्षानुवर्षें चालतात. तेथें बहुधा जो मोठ्यानें बोलतो, किंवा ज्याच्या हातीं किल्ल्या असतात, त्याचीच हकीगत घराण्याचा इतिहास होऊन बसते. जी माजघरांत गप्प राहिली तिची जबानी कोणी घेतलेलीच नसते. अशा वेळीं ‘प्रत्येकाची एक बाजू असते’ असें म्हणून हात झटकणें हा न्याय नव्हे. तो त्या प्रतिष्ठित गृहस्थाचा आळस आहे. अनेक दृष्टींनीं लिहिणारा लेखक आपल्याला या आळसाची मुभा देत नाहीं. तो न्यायासन रिकामें ठेवतो, आणि तेथें वाचकाला बसवितो. सर्वांचें ऐकून घेतल्यावर निर्णय अधिक कठीण होतो हें खरें. पण न ऐकतां दिलेल्या निर्णयाला न्याय हें नांव कोणत्या तोंडानें द्यावें?