प्रभूने दुसऱ्यांदा हात ठेवला



मे महिना सरला. करवंदे-जांभळे संपली, कर्नाळ्याच्या सुळक्यावर ढग अडू लागले आणि शाळांची दारे पुन्हा उघडण्याची वेळ आली. यंदाच्या उन्हाळ्याचा हिशेब मांडला, तर आपल्या धर्मग्रामातील घराघरांतून तीन गोष्टी ऐकू येतात. तरुण मुले गाण्याच्या कार्यक्रमांसाठी दूरदूर जाऊन आली. अनेकांनी नोकऱ्या बदलल्या. आणि काही घरांत शस्त्रक्रिया झाल्या. कुणाचा गुडघा, कुणाचे पित्ताशय, कुणाचे हृदय. पहिल्या दोन गोष्टींची चर्चा मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात होते. तिसरीची चर्चा पहिले पंधरा दिवस होते आणि मग थांबते. आज आपण त्या थांबलेल्या चर्चेविषयी चिंतन करू या.

संत मार्कच्या शुभवर्तमानात आठव्या अध्यायात बेथसैदा गावातील एका आंधळ्याची हकिकत आहे. प्रभू येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांना स्पर्श करतो आणि काही दिसते का, असे विचारतो. त्याला माणसे दिसतात, पण चालत्या झाडांसारखी, अंधूक. तेव्हा प्रभू पुन्हा एकदा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो आणि मग त्याला सर्व स्वच्छ दिसू लागते. एका शब्दाने वादळ शांत करणारा प्रभू इथे दोन टप्प्यांनी बरे करतो. शिमोनाची सासू तापातून तत्काळ उठली, पण बेथसैदाच्या माणसाला मधला काळ काढावा लागला. त्या मधल्या काळात प्रभू त्याच्याजवळून हलला नाही. त्याने कंटाळा केला नाही, 'अजून नीट दिसत नाही का?' असे म्हणून त्याच्यावर रागावलाही नाही.

आपल्याकडे नेमके उलटे होते. ऑपरेशनच्या दिवशी रुग्णालयाच्या दाराशी गर्दी होते, फोन वाजत राहतात, नारळपाणी आणि सफरचंदे येतात. टाके निघाले की आपल्या लेखी माणूस बरा झाला. खरे पाहता त्याचे कठीण दिवस तेव्हाच सुरू होतात. गुडघा बदललेल्या माउलीला रोज दुखत दुखत व्यायाम करावा लागतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर छातीचे हाड सांधायला साधारण दोन-तीन महिने जातात, तोवर बादलीही उचलायची नसते. माणूस बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून खचतो. 'मी आता घरावर भार झालो,' हा विचार रात्री झोपू देत नाही. बेथसैदाच्या माणसासारखी त्याला माणसे अंधूक दिसतात, कारण माणसे यायचीच थांबलेली असतात.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात असा एक मोठा उन्हाळा होऊन गेला. २० मे १५२१ रोजी पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने इग्नेशियस लोयोला यांचा पाय मोडला. हाड चुकीचे बसले म्हणून घरी आणल्यावर ते पुन्हा मोडून बसवावे लागले. भूल देण्याची सोय त्या काळी नव्हती. प्रकृती इतकी ढासळली, की त्यांना अखेरचे संस्कार देण्यात आले. संत पेत्र आणि संत पौल यांच्या सणाच्या आदल्या रात्री मात्र उतार पडला. नंतर एक हाड वर आलेले दिसले, तेव्हा उंची बूट घालता यावेत म्हणून त्यांनी हौसेने तेही कापून घेतले. त्यानंतर कित्येक महिने ते अंथरुणाला खिळून होते. वाचायला शूरवीरांच्या कथा हव्या होत्या, पण घरात मिळाली ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली: पराक्रमाची आणि मानमरातबाची स्वप्ने रंगवली की तेवढ्यापुरते बरे वाटते, मागाहून मन कोरडे पडते, संतांच्या वाटेने जाण्याचा विचार केला की आनंद मागे टिकून राहतो. या एका निरीक्षणातून पुढे त्यांची 'आध्यात्मिक साधना' आकाराला आली. पाय कायमचा अधू राहिला. तिशी उलटलेला हा सरदार बार्सिलोनात लहान मुलांबरोबर लॅटिन शिकायला बसला. नोकरी बदलण्याची एवढी मोठी गोष्ट क्वचितच सापडेल.

नोकरी बदलणाऱ्या आपल्या तरुणांसाठी संत इग्नेशियस यांचा एक नियम उपयोगाचा आहे. मन उदास आणि अंधारलेले असताना, पूर्वी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलू नये. तळोज्याच्या कारखान्यांत, उरणच्या बंदरात, २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालेल्या नवी मुंबईच्या विमानतळावर, कुठेही काम असो. साहेबांशी भांडण झाले त्या संध्याकाळी राजीनामा लिहू नये. दोन दिवस जाऊ द्यावेत, प्रार्थना करावी, घरच्यांशी बोलावे. आणि घरात कुणाचे ऑपरेशन ठरले असेल, तर आणखी एक गोष्ट बघावी. कंपनीने काढलेला आरोग्य विमा नोकरी सोडली की सहसा तिथेच संपतो. आईचा गुडघा त्या विम्यावर व्हायचा असेल, तर महिनाभर थांबण्यातही देवाची इच्छा असू शकते.

ज्यांची राज्य कामगार विम्यात म्हणजे ईएसआयमध्ये नोंद आहे, त्यांनी हेही ध्यानात ठेवावे: वर्गणीची अट पुरी झाली असेल, तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. नोकरी बदलली तरी विमा क्रमांक तोच राहतो, तो नव्या ठिकाणी सांगावा. हक्काची विश्रांती घेणे म्हणजे आळस नव्हे. एलिया संदेष्टा थकून झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खायला दिले. पुढची वाट त्यानंतर दाखवली.

रजेचा प्रश्न आपल्या शिरढोणला नवा नाही. याच मातीत ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. पुण्यात सरकारी लष्करी हिशेबाच्या कचेरीत ते नोकरीला होते. आई अत्यवस्थ असल्याचे कळले, पण रजा वेळेवर मिळाली नाही आणि भेट होण्याआधीच आई गेली. तो घाव त्यांच्या मनातून कधी गेला नाही, असे त्यांचे चरित्र सांगते. आज आपल्यापैकी जे दुकानाचे, कारखान्याचे, शाळेचे व्यवस्थापन पाहतात, त्यांच्या टेबलावर असा रजेचा अर्ज आला, तर महामार्गालगतचे ते गाव आठवावे. कामाला बदली माणूस मिळतो, आईची शेवटची भेट बदलून मिळत नाही.

आता गाण्यांविषयी. जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, त्यानंतर अहमदाबादला दोन झाले. लोक कुठून कुठून आले! गाण्यासाठी रात्रभर प्रवास करणाऱ्या तरुणांना आम्ही नावे ठेवणार नाही. आनंद ही देवाची देणगी आहे. मात्र गाणाऱ्याच्या आयुष्यातही न गाण्याचे दिवस येतात, हे त्यांना सांगावेसे वाटते. कुमार गंधर्व लहान वयातच मैफली गाजवू लागले होते. ऐन तारुण्यात क्षयाने गाठले. जानेवारी १९४८ मध्ये ते हवापालटासाठी माळव्यात देवासला गेले, गाणे बंद झाले. सुमारे पाच वर्षे अशी गेली. पत्नी भानुमतींनी शुश्रूषा केली आणि स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध लागू पडले. पडल्या पडल्या कानावर येणारी माळव्याची लोकगीते ते ऐकत राहिले. पुन्हा गायला बसले तेव्हा एका फुप्फुसाचे बळ कमी होते, पण गाण्यात त्या लोकगीतांचे धन आले होते. ज्या दिवसांना जग वाया गेलेले म्हणाले, त्या दिवसांत देवाने पेरणी केली होती.

बंधुभगिनींनो, म्हणून या पावसाळ्यात आपण काय करावे? प्रत्येक वाडीतील छोट्या ख्रिस्ती समूहाने आपल्या भागातील आजाऱ्यांची यादी करावी आणि शस्त्रक्रियेला महिना उलटून गेला असेल त्याच्याकडे आधी जावे. जाताना सल्ले नेऊ नयेत, दुसऱ्याच्या फसलेल्या ऑपरेशनच्या कथा तर मुळीच नेऊ नयेत. याईराच्या मुलीला उठवल्यावर प्रभूने काय सांगितले? तिला काहीतरी खायला द्या. आपणही गरम पेज न्यावी, औषध आणून द्यावे, फिजिओथेरपीला नेण्यासाठी स्कूटर किंवा रिक्षा घेऊन दाराशी उभे राहावे. आमच्या तरुणांनी गिटार घेऊन जावे आणि त्या माउलीला आवडणारे एक भक्तिगीत म्हणावे. जो गाण्यासाठी अहमदाबाद गाठू शकतो, त्याला चार घरे ओलांडणे जड नाही.

मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आधीच फादरांना कळवावे. रुग्णाभ्यंग हा केवळ मरणाऱ्याचा संस्कार नव्हे. गंभीर शस्त्रक्रियेपूर्वी तो घेणे उचित आहे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. भीतीने तो टाळू नये. ज्यांना चर्चला येता येत नाही, त्यांना घरी ख्रिस्तशरीर मिळू शकते. तेही संकोच न करता मागावे.

आणि जे आजारातून उठत आहेत त्यांना आमचे सांगणे एवढेच, की आज तुम्हाला अंधूक दिसत असेल, तर प्रभूचे काम फसले असे समजू नका. ते अजून चालू आहे.

हे प्रभो येशू, आमच्या घरातील आजाऱ्यांवर तुझा हात पुन्हा ठेव. नव्या कामावर जाणाऱ्यांना सुबुद्धी दे, गाणाऱ्यांना आनंद दे आणि आम्हा सर्वांना शेजाऱ्याच्या दाराशी जाण्याची सवड दे. आमेन.