वाचनाचे ऋण

बालपणी ज्याला पुस्तकांचे वेड लागते तो पुढे लेखक होतो, असे आपण लेखकांच्या आत्मचरित्रांवरून सहज म्हणून जातो. वस्तुतः वाचनवेडी मुले पुष्कळ असतात. त्यांतली लेखणी हाती धरणारी थोडीच. म्हणून वाचन लेखकाला काय देते, याबरोबरच ते त्याच्याकडून काय मागते, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

म्हैसूरमधील कुवेंपुनगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या कु. वें. पुट्टप्पा यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९०४ साली जन्मलेल्या कुवेंपूंचे बालपण मलनाडातल्या कुप्पळ्ळी या रानाने वेढलेल्या खेड्यात गेले. पुढे शिक्षणासाठी ते म्हैसूरला आले आणि इंग्रजी काव्याच्या वाचनाने झपाटले गेले. १९२२ साली निघालेला ‘बिगिनर्स म्यूज’ हा त्यांचा छोटा इंग्रजी संग्रह म्हणजे त्या वाचनाचे पहिले फळ. १९२४ मध्ये आयरिश कवी जेम्स कझिन्स यांना त्यांनी आपल्या इंग्रजी कविता दाखविल्या, तेव्हा कझिन्स यांनी त्यांना कन्नडमध्ये लिहिण्याचा सल्ला दिला.

हा केवळ मातृभाषेचा विजय मानला, तर प्रसंगातले मर्म हरवते. धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी होती, तरीही ते कन्नडचे वरकवी झाले. तेव्हा प्रश्न जन्माचा नाही, ऋणाचा आहे.

ऋषिऋण स्वाध्यायाने फेडावे, असे आपली परंपरा सांगते. ज्ञान देणाऱ्याला ते परत करता येत नाही. ते पुढच्याच्या हाती सोपवायचे असते. वाचकाचे ऋणही याच जातीचे. ज्या पुस्तकांनी मुलाच्या मनाला पंख दिले, त्यांच्या कर्त्यांना त्याच्याकडून काही नको असते. मिल्टनच्या भाषेत मिल्टनसारखे लिहू पाहणारा मुलगा सावकाराच्याच दारी त्याचेच नाणे घेऊन जातो. ते नाणे वितळवून, जिथे त्याची वाण आहे तिथे नवे पाडणे, ही खरी फेड. अनुकरण आणि निर्मिती यांतला भेद म्हणूनच केवळ कलेचा नाही, नीतीचाही आहे.

कुवेंपूंनी ही फेड उघडपणे केली. ‘श्रीरामायण दर्शनम्’ या महाकाव्यात त्यांनी व्यास, पंप यांच्याबरोबर होमर, व्हर्जिल, डांटे, मिल्टन यांनाही वंदन केले आहे. त्या काव्याला १९५५ चे साहित्य अकादेमी पारितोषिक आणि १९६७ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. वाचलेले दडवून स्वयंभू म्हणवणे त्यांना रुचले नाही; वाचलेल्याच्या भाराखाली ते दबलेही नाहीत.

आज शहरांतल्या अनेक मराठी व कन्नड घरांत मुलाच्या हाती पहिले पुस्तक येते ते इंग्रजी. त्यात शोक करण्यासारखे काही नाही. मुलाने मिळेल ते, मिळेल त्या भाषेत आधाशीपणे वाचावे. चिंता आहे ती वेगळीच. त्याने मिळविलेले धन त्याला ज्या भाषेत परत आणावेसे वाटेल, ती भाषा त्याच्या घरात, शाळेत आणि गल्लीत जिवंत असेल काय? ती जिवंत ठेवण्याचे दायित्व मुलाचे नव्हे. ते आपणा वडीलधाऱ्यांचे आहे.