पाठीराख्याची निष्ठा आणि नागरिकाची निष्ठा

टोरांटोच्या ब्लू जेज संघाचा कॅनेडियन पाठीराखा नेमका कशाशी निष्ठावान असतो, या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. हा संघ ज्या मेजर लीग बेसबॉलमध्ये खेळतो, तिच्या 30 संघांपैकी 29 संघ अमेरिकेतले आहेत. ब्लू जेजचे बहुतेक खेळाडू अमेरिका, डॉमिनिकन प्रजासत्ताक, व्हेनेझुएला आणि मेक्सिको इथून आलेले असतात. संघाची मालकी एका दूरसंचार कंपनीकडे आहे. 1993 साली सलग दुसऱ्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे या लीगची अजिंक्यपदाची मालिका, जिंकणाऱ्या संघातही कॅनेडियन खेळाडू अपवादानेच होता. आजचा त्याचा सर्वांत मोठा खेळाडू व्लादिमिर गरेरो ज्युनियर माँट्रियलमध्ये जन्मला खरा, पण वाढला डॉमिनिकन प्रजासत्ताकात. आणि तरीही 2025 च्या ऑक्टोबरमध्ये, अमेरिकेशी संबंध कमालीचे ताणलेले असताना, हाच संघ साऱ्या कॅनडाचा संघ झाला. निष्ठा म्हणजे काय, ती कुठवर योग्य आणि कुठून पुढे घातक, या जुन्या तात्त्विक प्रश्नाचा विचार करायला यासारखे उदाहरण क्वचितच मिळते.

बेसबॉल कॅनडाला परका नाही. ऑन्टारिओतल्या बीचव्हिल या गावी 1838 च्या जूनमध्ये झालेल्या एका सामन्याचे वर्णन उपलब्ध आहे. ते लिहिले गेले जवळपास अर्ध्या शतकानंतर, पण त्यात मैदानाची आखणी आणि खेळाचे नियमही दिलेले आहेत. माँट्रियलचे ऋण तर अमेरिकन बेसबॉललाही नाकारता येणार नाही. जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू मुख्य लीगमध्ये उतरण्याआधी 1946 चा पूर्ण हंगाम माँट्रियल रॉयल्स संघाकडून खेळला. अमेरिकेच्या दक्षिणेत ज्याला खेळू देणेच नाकारले जात होते, त्याला माँट्रियलच्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. सीमेपलीकडून आलेल्या माणसाला आपला मानण्याची ही सवय कॅनडातल्या बेसबॉलच्या पाठीराख्यांना तेव्हापासूनची आहे.

तत्त्वज्ञांनी खेळाच्या पाठीराख्यांकडे बराच काळ दुर्लक्ष केले. निकोलस डिक्सन यांनी 2001 साली पाठीराख्यांचे दोन प्रकार मांडले. एक संघाला चिकटून राहणारा, संघ जिंको वा हरो. दुसरा उत्तम खेळाचा रसिक, जो चांगला खेळ दिसेल तिकडे वळतो. डिक्सन यांचा कौल पहिल्याकडे झुकतो, मात्र एका अटीवर: आपल्या संघाने लबाडी केली तर पाठिंबा काढून घेण्याची त्याची तयारी हवी. टोरांटोत या पहिल्या प्रकारच्या निष्ठेचे पुरावे शोधत फिरावे लागत नाही. शहराच्या हॉकी संघाने, मेपल लीफ्सने, 1967 नंतर स्टॅन्ली कप जिंकलेला नाही. स्टेडियम मात्र भरलेले असते. माँट्रियलचा एक्स्पोज हा बेसबॉल संघ 2004 च्या हंगामानंतर वॉशिंग्टनला हलवण्यात आला, तरी त्याच्या टोप्या माँट्रियलच्या रस्त्यांवर आजही दिसतात. निष्ठेचा विषयच उरला नाही तरी निष्ठा उरते, हे इथे स्पष्ट दिसते.

या निष्ठेचा एक गुण सहसा नजरेआड होतो: ती स्वतःशी खोटे बोलत नाही. सायमन केलर या तत्त्वज्ञाने देशभक्तीवर गंभीर आक्षेप घेतला आहे. देशभक्त आपल्या देशावर प्रेम करतो ते देश थोर आहे म्हणून, असे तो स्वतःला सांगतो. प्रत्यक्षात देश आपला आहे म्हणून तो त्याला थोर दिसत असतो. प्रेम आधी आणि पुरावे मागाहून, आणि हा क्रम त्याला कबूल करता येत नाही. बेसबॉलच्या पाठीराख्याला ही अडचण नाही. जुलै महिन्यात संघ सलग सामने हरत असताना आपले पिचर यंदा सुमार आहेत, हे तो सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने सांगतो. आपण दुसऱ्या शहरात जन्मलो असतो तर दुसऱ्याच संघाचे झालो असतो, हेही तो जाणतो. निष्ठा योगायोगाने मिळाली हे मान्य करूनही ती मनापासून पाळता येते. नागरिकाने पाठीराख्याकडून शिकावे असे काही असेल, तर ते हे आहे. आपल्या पक्षाचे सरकार चुकले, असे हंगामाच्या मध्यावर मोकळेपणाने म्हणणारा पक्षकार्यकर्ता कुठल्याही देशात विरळाच.

राजकारण बेसबॉलमध्ये शिरते ते मुख्यतः राष्ट्रगीताच्या दाराने. 1918 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, शिकागोतल्या सामन्यात वाद्यवृंदाने मध्येच एक देशभक्तिपर गीत वाजवले आणि प्रेक्षक उभे राहिले. ते गीत अमेरिकेचे अधिकृत राष्ट्रगीत व्हायला 1931 साल उजाडले. पुढे ही प्रथा प्रत्येक सामन्याला चिकटली. ब्लू जेजच्या सामन्यांत दोन्ही देशांची राष्ट्रगीते होतात, त्यामुळे दोन देशांचे नाते बिघडले की ते सर्वांत आधी इथे ऐकू येते.

1992 च्या वर्ल्ड सिरीजमधला प्रसंग जरा जवळून पाहण्यासारखा आहे. अटलांटातल्या दुसऱ्या सामन्याआधी अमेरिकन मरीन्सच्या ध्वजपथकाने कॅनडाचा ध्वज उलटा धरला. मेपलचे पान देठ वर करून लटकताना साऱ्या कॅनडाने टीव्हीवर पाहिले आणि लोक संतापले. दोन दिवसांनी तिसरा सामना टोरांटोत होता. वर्ल्ड सिरीजचा कॅनडाच्या भूमीवरचा हा पहिलाच सामना. मरीन्सनी कॅनडाचा ध्वज पुन्हा एकदा नेण्याची संधी मागून घेतली. त्या संध्याकाळी त्यांनी तो सरळ धरून आणला आणि अमेरिकेचा ध्वज कॅनडाच्या माउंटेड पोलिसांनी आणला. प्रेक्षकांनी दोघांचेही टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत केले. राग खोटा नव्हता. पण चूक सुधारायला आलेल्यांना स्टेडियमने जागा करून दिली.

2025 ची गोष्ट इतकी सरळ नाही. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी कॅनडाला अमेरिकेचे एकावन्नावे राज्य म्हणायला सुरुवात केली होती आणि 1 फेब्रुवारीला कॅनडाच्या मालावर 25 टक्के आयातशुल्काचा आदेश काढला. त्याच रात्री ओटावातल्या हॉकी सामन्यात आणि दुसऱ्या दिवशी टोरांटोतल्या बास्केटबॉल सामन्यात प्रेक्षकांनी अमेरिकन राष्ट्रगीताची हुर्यो उडवली. एप्रिलमधली सार्वत्रिक निवडणूक मार्क कार्नी यांच्या लिबरल पक्षाने जिंकली ती याच संतापाच्या लाटेवर. ऑक्टोबरमध्ये तर बेसबॉल आणि व्यापारयुद्ध अक्षरशः एका पडद्यावर आले. ऑन्टारिओ सरकारने आयातशुल्काच्या विरोधात रोनाल्ड रेगन यांच्या 1987 च्या रेडिओ भाषणातले अंश वापरून एक जाहिरात अमेरिकन वाहिन्यांवर दाखवली. ट्रम्प यांनी व्यापारविषयक बोलणी थांबवली. जाहिरात तरीही वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात झळकली आणि त्यानंतर त्यांनी आणखी 10 टक्के शुल्काची घोषणा केली. त्या मालिकेत ब्लू जेजसमोर लॉस एंजेलिसचा डॉजर्स संघ उभा होता.

अशा वेळी राष्ट्रगीताची हुर्यो उडवणे योग्य की अयोग्य? तत्त्वज्ञ ॲलॅस्डेर मॅकिन्टायर यांनी 1984 च्या एका गाजलेल्या व्याख्यानात देशभक्ती हा सद्गुण आहे का, असे विचारले होते. माणूस नीती शिकतो ती विशिष्ट समाजात राहून, त्यामुळे त्या समाजाशी असलेली बांधिलकी नीतीच्या मुळाशीच असते, असा तिच्या बाजूचा युक्तिवाद त्यांनी उभा केला. तो मान्य केला तर कॅनेडियन प्रेक्षकांचा राग समर्थनीय ठरतो. आपल्या समाजाचे स्वतंत्र अस्तित्वच कोणी चेष्टेवारी नेत असेल तर गप्प बसणे हा सद्गुण नव्हे. पण राग योग्य असला तरी त्याचे लक्ष्य योग्य होतेच असे नाही. राष्ट्रगीत हे धोरण नव्हे, ते सरकारचेही नव्हे. त्या धोरणाला विरोध करणाऱ्या अमेरिकनांचेही ते तितकेच आहे. आणि टोरांटोच्या संघातून टोरांटोसाठी खेळणाऱ्या अमेरिकन खेळाडूंचेही आहे, जे हुर्यो चालू असताना खाली मैदानात उभे असतात.

याहून चांगला मार्ग ब्लू जेजच्याच इतिहासात आहे. 2004 साली संघाचा पोर्तो रिकन फलंदाज कार्लोस डेलगाडो याने इराक युद्धाच्या निषेधार्थ अमेरिकेतल्या मैदानांवर सातव्या इनिंगमध्ये म्हटल्या जाणाऱ्या देशभक्तिपर गीतासाठी उभे राहायचे थांबवले. पोर्तो रिकोतल्या व्हिएकेस बेटावर अमेरिकन नौदलाने वर्षानुवर्षे केलेल्या बाँबच्या सरावाविरुद्ध तो आधीपासून बोलत होता. त्याने कोणाचे गीत बंद पाडले नाही की घोषणा दिल्या नाहीत. गीत चालू असताना तो डगआऊटमध्ये राहत असे. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली आणि ती त्याने सोसली. त्याच्या निषेधाची किंमत त्यानेच मोजली आणि समोरच्याची निष्ठा अबाधित राहिली.

इथे जोसाया रॉइस या अमेरिकन तत्त्वज्ञाचे 1908 मधले विवेचन उपयोगी पडते. निष्ठा हा सद्गुण असेल तर तो फक्त माझ्यापुरता सद्गुण असू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणून माझी निष्ठा अशी हवी की तिच्यामुळे इतरांची निष्ठा मोडू नये, उलट जगातली एकूण निष्ठा वाढावी. समोरच्या संघाच्या पाठीराख्याचे प्रेमही आपल्याइतकेच खरे आहे, हे ओळखणारा पाठीराखा या कसोटीला उतरतो. लेखक जॉर्ज ऑर्वेलने 1945 साली आंतरराष्ट्रीय खेळांविषयी लिहिताना ही शक्यता फारशी गंभीरपणे घेतली नाही. त्याला तिथे द्वेषच दिसला. 1992 च्या त्या संध्याकाळचे टोरांटो पाहता त्याचे निदान अपुरे वाटते.

पाठीराख्याच्या निष्ठेचा दुसरा आधार म्हणजे पंच. वॉटर्लू विद्यापीठात शिकवणारे बर्नार्ड सूट्स यांनी 1978 च्या ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाची व्याख्या केली. सोपा मार्ग उपलब्ध असताना नियमांनी घातलेले अडथळे आपखुशीने स्वीकारून ध्येय गाठू पाहणे म्हणजे खेळ, असा तिचा आशय आहे. नियम सोडून मिळवलेला विजय हा त्या खेळातला विजयच नव्हे. 1 नोव्हेंबर 2025 ला वर्ल्ड सिरीजच्या सातव्या, निर्णायक सामन्यात याची परीक्षा झाली. नवव्या इनिंगमध्ये 4-4 अशी बरोबरी होती, तिन्ही बेसवर ब्लू जेजचे खेळाडू होते आणि एक धाव 32 वर्षांनी विजेतेपद देणार होती. चेंडू होम प्लेटकडे फेकला गेला. कॅचरचा पाय प्लेटवरून क्षणभर उचलला गेला होता आणि धावणारा पोहोचण्याच्या किंचित आधी परत टेकला. पंचांनी बाद दिले, चित्रफीत पुन्हा पाहिली गेली आणि निर्णय कायम राहिला. अकराव्या इनिंगमध्ये डॉजर्स 5-4 ने जिंकले. कॅनडा हळहळला, पण निकाल चोरला गेला असे म्हणत कोणी रस्त्यावर आले नाही.

त्याच वर्षीच्या निवडणुकीत क्वेबेकमधल्या तेरबॉन मतदारसंघात न्यायालयीन देखरेखीखालच्या फेरमोजणीत लिबरल उमेदवार एका मताने विजयी ठरली. टपाली मतदानातली एक चूक उघड झाल्यावर प्रतिस्पर्धी उमेदवार न्यायालयात गेली. निकालाशी झगडण्याची ही सनदशीर रीत आणि मैदानावरची फेरतपासणी यांची जातकुळी एकच आहे. पक्षनिष्ठा घातक होते ती तिच्या तीव्रतेमुळे नव्हे. ब्लू जेजचा पाठीराखाही तीव्रच असतो. ती घातक होते पंच नाकारला की.

मात्र ही तुलना एका जागी थांबते आणि ती तिथे थांबवलीच पाहिजे. मालिका हरली तर वसंतात नवा हंगाम सुरू होतो. पोलाद आणि मोटार उद्योगातल्या ज्या कामगाराची नोकरी आयातशुल्काने धोक्यात येते, त्याला पुढच्या हंगामाचा दिलासा नसतो. शिवाय अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधल्या वादात दोघांनीही मानलेला पंच असतोच असे नाही. म्हणून राजकारण खिलाडूवृत्तीने घ्या, हा उपदेश बलवानाच्या तोंडी शोभत नाही आणि दुर्बळाला तो करूही नये.

भारतीय वाचकाला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. 1990 साली ब्रिटिश नेते नॉर्मन टेबिट यांनी स्थलांतरितांची निष्ठा ते क्रिकेटमध्ये कोणाला पाठिंबा देतात यावरून तपासावी, असे सुचवले होते. टोरांटो आणि मिसिसॉगा परिसरातल्या मराठी घरांत क्रिकेटमध्ये भारत आणि बेसबॉलमध्ये ब्लू जेज अशा दोन्ही निष्ठा नांदू शकतात. टेबिट यांच्या कसोटीने असे घर अर्धेच कॅनेडियन ठरेल. ती कसोटी चुकीची आहे, कारण पाठीराख्याचे प्रेम आणि नागरिकाचे कर्तव्य या वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनडाचे नागरिकत्व घेताना घ्यावयाच्या शपथेत राजनिष्ठा आहे, कायद्याचे पालन आहे, आदिवासींच्या हक्कांचा आणि करारांचा उल्लेख आहे. कुठल्या संघाच्या बाजूने ओरडायचे, हे तीत विचारलेले नाही, आणि विचारले जाऊही नये.