मागच्याच्या मापाचं पाऊल

आमच्या चाकण औद्योगिक पट्ट्यातल्या कुरुळीत बर्फ दिसतो तो रसवंतीवर, गोणपाटात गुंडाळलेला. तरी हिवाळा आला की इथली पोरं सुट्ट्या जुळवून उत्तराखंडातल्या केदारकंठाला निघतात. पुण्याहून दिल्ली, पुढे डेहराडून, मग पुरोला, मोरी करत दिवसभर गाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची, तेव्हा सांकरी येतं. हे पायथ्याचं गावच आपल्या कळसूबाईपेक्षा उंच! कळसूबाई 1,646 मीटर, केदारकंठा सुमारे 3,800. राजमाची, हरिश्चंद्रगड पालथे घातलेल्या गड्याला चढाची भीती नसते. पण बर्फ त्यालाही नवशिक्या करून सोडतो.

इथल्याच एका कारखान्यात सीएनसी मशिनवर सेटर असलेल्या माझ्या मित्राबरोबर मी तिकडे गेलो होतो. ताजा बर्फ पडून गेलेला. अशा भुसभुशीत बर्फात पाऊल ठेवलं की पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. तो उपसायचा, पुढे टाकायचा, पुन्हा उपसायचा. सगळ्यात पुढे असतो त्याचा यात जीव निघतो. मागच्यांना त्याची तयार पावलं मिळतात. म्हणून तिथे पाळी असते. पुढचा दमला की बाजूला होतो, रांग पुढे जाऊ देतो आणि शेपटाला येऊन मिळतो. यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

मित्र चांगला उंच. त्याची पाळी आली तसा तो ढांगा टाकत सुटला. वाटाड्याने त्याला थांबवलं आणि बजावलं, पाऊल मागच्याच्या मापाचं टाक. कारण सरळ आहे. दोन खड्ड्यांतलं अंतर लांब पडलं, तर मागच्याचा पाय तिथवर पोचत नाही. तो मध्येच कुठेतरी पाय देतो, गुडघ्यापर्यंत फसतो आणि स्वतःची वेगळी वाट उकरत बसतो. मग पुढच्याची सगळी मेहनत वाया. पण ही दुसरी बाजूही पाहायला हवी: आखूड पावलं टाकायची म्हणजे तेवढ्याच अंतरात खड्डे जास्त, म्हणजे पुढच्याला कष्टही जास्त. नुसतं पुढे चालण्यानं मागच्याची सोय होत नाही. ती होते या जादा खड्ड्यांनी.

आमच्याकडे पुढे चालणारे पुष्कळ आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून एखादा पोरगा पहिल्यांदा येतो, कुरुळी किंवा निघोज्यात खोली धरतो, कंत्राटदाराच्या दारात उभा राहून काम मिळवतो. मागून त्याच्या गावचे चौघे येतात. खोली तयार, मेस ठरलेली, कोणत्या गेटवर कोणाला भेटायचं हे ठाऊक. त्या पहिल्याचं ऋण मोठं, यात वाद नाही. पण पाच-सात वर्षांनी तोच एखाद्या नव्या पोराला ऐकवतो, “आम्हाला कोणी शिकवलं होतं? आम्ही खाल्ल्या खस्ता, तूही खा.” या वाक्याला आपण अनुभवाचे बोल समजतो. मला ती लांब ढांग वाटते. आपण सोसलं ते दुसऱ्यानेही सोसलंच पाहिजे, यात न्याय कुठला? आपण उकरलेली वाट त्याच्या पायाला लागू द्यायची नाही, एवढंच त्यातून साधतं.

मागच्याचंही काही देणं असतं. त्याने तयार खड्ड्यातच नेमकं पाऊल टाकलं तर तो खड्डा दाबला जाऊन त्याच्या मागच्याला पक्का मिळतो. हुशारी करून कडेवर पाय दिला तर कड ढासळते. आणि आपली पाळी आली की बुटाची नाडी बांधायला खाली बसायचं नाही! (असे महाभाग प्रत्येक रांगेत असतात.)

मोठ्या पर्वतांवर हा हिशेब आणखी अवघड होतो. 19 मे 2012 रोजी पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे आठ गिर्यारोहक एव्हरेस्टवर पोचले, तेव्हा महाराष्ट्राची मान उंचावली ती योग्यच. अशा वाटेवर आधी जाऊन दोर बांधणारे मात्र बहुतेक शेर्पा असतात. 29 मे 1953 ला शेर्पा तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टच्या शिखरावरून उतरले तर जगाने त्यांना पहिला प्रश्न विचारला, आधी पाय कोणाचा? दोघांनी ठरवून सांगितलं की आम्ही जवळपास एकदमच पोचलो. या प्रश्नाने तेनसिंगचा इतका पिच्छा पुरवला, की अखेर 1955 साली आत्मचरित्रात त्याने सांगून टाकलं, पहिलं पाऊल हिलरीचं. एका दोराला बांधलेल्या दोघांत ही गोष्ट मोजण्यासारखी नव्हती, हे त्या दोघांना कळलेलं होतं. विचारणाऱ्यांना कळलं नाही.

परत आल्यावर मी मित्राला छेडलं, मशिनवरच्या शिकाऊ पोरांना तू तुझं सेटिंग दाखवतोस का? आमच्या पट्ट्यात हा नाजूक विषय आहे. टूल कसा लावायचा, ऑफसेट किती द्यायचा, हे बरेच सेटर हातचं राखून ठेवतात. सगळं दाखवलं तर आपली किंमत काय राहील, ही धास्ती. मित्र म्हणाला, “दाखवतो की. पण एक जॉब समजावत बसलो की तेवढे पीस कमी निघतात. शिफ्टच्या शेवटी टार्गेट माझ्या नावावर बुडतं, त्या पोराच्या नाही.”

म्हणजे आखूड पावलांचे जादा कष्ट तो भरतोच आहे. फरक एवढाच, की केदारकंठावर तो दमला तेव्हा मागचा माणूस आपणहून पुढे आला होता. शॉपवर त्याची पाळी घ्यायला कोणी येत नाही, आणि शिकवण्यात गेलेली मिनिटं शिफ्टच्या रिपोर्टात धरत नाहीत. त्या रिपोर्टात एक रकाना वाढवायला कुठल्या सुपरवायझरची काय हरकत असावी, हे मी तिघांना विचारून पाहिलं. तिघेही हसले आणि चहा मागवला.