थकलेले बिल आणि दवाखान्याचे दार

लहान गावातील डॉक्टरांच्या टेबलाच्या खणात बहुधा एक वही असते. कोणाचे इंजेक्शन, कोणाच्या मुलाचा ताप, कोणाचे ड्रेसिंग, आणि समोर न मिळालेली रक्कम. मोठ्या रुग्णालयात हा हिशेब कारकून ठेवतो. लहान दवाखान्यात मात्र जो नाडी पाहतो तोच वहीही पाहतो. म्हणून प्रश्न त्याच्यापुढे उघडा उभा राहतो: पैसे न देणाऱ्या रुग्णाला 'आता दुसरीकडे जा' असे सांगणे न्याय्य आहे काय?

'मुळीच नाही' असे म्हणण्याची आपल्याला घाई असते. आजाऱ्यांना बरे करा, फुकट द्या, ही मत्तयाच्या दहाव्या अध्यायातील आज्ञा आपणांस पाठ असते. परंतु तेथून दोनच वचने पुढे, कामकरी आपल्या अन्नास पात्र आहे असेही प्रभू सांगतो. ते आपल्या तितकेसे स्मरणात राहत नाही! दवाखान्याचे भाडे आणि वीज फुकट मिळत नाही. डॉक्टरांच्या औदार्याचा भार पुष्कळदा कंपाउंडरच्या पगारावर पडतो, आणि अडवून ठेवलेल्या मजुरीविषयी याकोबाच्या पत्रात काय म्हटले आहे हे आपण जाणता.

नियमांनी यात मधला मार्ग धरला आहे. २००२ सालच्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे येईल त्या प्रत्येकाला तपासण्यास डॉक्टर बांधलेले नाहीत. मात्र एकदा हाती घेतलेला रुग्ण, त्याला व त्याच्या कुटुंबाला पुरेशी सूचना दिल्याशिवाय सोडता येत नाही. फी उपचारापूर्वी सांगावयाची असते. प्राण धोक्यात असताना तर हिशेबाला जागाच नाही. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कर्तव्य सरकारी व खाजगी अशा सर्व डॉक्टरांवर ठेवले. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या नव्या नियमांत, फी न दिल्यास उपचार नाकारण्याची मुभा स्पष्ट शब्दांत होती. रुग्णाला वाऱ्यावर सोडू नये, अशी अटही सोबत होती. ते नियम त्याच महिन्यात स्थगित झाले.

परंतु माझ्या मते खरी हानी नियमांच्या कक्षेबाहेर होते. डॉक्टर दार लावण्याच्या पुष्कळ आधी रुग्णच येणे बंद करतो. मागची बाकी राहिली, आता कोणत्या तोंडाने जावे, असे म्हणत रक्तदाबाची गोळी संपते, मधुमेहाची तपासणी राहते, आणि पुढे तो येतो तो पक्षाघात होऊन, किंवा पायाची जखम चिघळल्यावर. डॉक्टरांनी त्याला घालवलेले नसते. ते फक्त बोललेले नसतात. हे मौन सभ्यपणाचे वाटते, पण रुग्ण त्याचा अर्थ नकार असाच करतो. बाकीविषयी एकांतात स्पष्ट बोलणे, आठवड्याला जमेल तितकी रक्कम ठरवणे किंवा 'ही बाकी मी खोडली, औषध थांबवू नका' असे सांगणे, हेही उपचारच होत.

ऐपत असून न देणाऱ्यांचे काय? किराणावाल्याची उधारी महिनाअखेर फेडणारे आपल्यापैकी कित्येक जण डॉक्टरांचे बिल मात्र ठेवून देतात. का, तर डॉक्टर आपल्याच मंडळीचे! अशांना निरोप देण्यात मला अन्याय दिसत नाही. पण तो देण्याचीही रीत आहे. क्षयरोगाचा औषधक्रम अर्धा झाला असता किंवा बाळंतपण जवळ आले असता नव्हे. मुदत द्यावी, औषधे व त्यांचे प्रमाण लिहून द्यावे, जवळचे सरकारी रुग्णालय सांगावे. बाकीपोटी कागद अडवून ठेवू नयेत. मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यावीत, असाही नियम आहे.

आणि ज्यांच्यापाशी खरोखरच नाही? चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील उतारशाळेच्या मालकाकडे आपले लक्ष क्वचित जाते. त्याने जखमी माणसाची शुश्रूषा फुकट करावी असे शोमरोनी म्हणत नाही. तो दोन दीनार, म्हणजे सुमारे दोन दिवसांची मजुरी, हातावर ठेवतो आणि अधिक लागेल ते परतताना देण्याचा शब्द देतो. मालकाच्या वाट्याला सेवा येते, आणि थोडा विश्वास. आपण मात्र आपल्या गावच्या डॉक्टरांकडून शोमरोनी व मालक या दोघांचेही काम अपेक्षितो.

आपल्या मंडळीच्या मदतनिधीतून वर्षाकाठी थोडी रक्कम अशा वहीसाठी ठेवता येईल. रुग्णाचे नाव पंचांना कळण्याचे कारण नाही. डॉक्टरांनी केवळ आकडा कळवावा, आणि खजिनदारांनी तो भरावा.